ब्रेकवरचा पाय

भूत बघितलंय का, असं गॅरेजवर येणारी माणसं मला अधूनमधून विचारतात. बाई असून गाडीखाली झोपते म्हणजे हिनं सगळंच बघितलेलं असणार, असा त्यांचा समज. मी म्हणते, न्हाई बाबा, हातावर पोट असणाऱ्याला भुतं परवडत नाहीत. आणि ते खरंही आहे. मी अंगारे-धुपारे करणारी बाई नाही, लिंबू-मिरचीसुद्धा बांधत नाही. बांधलेली असली तर बोनेट उघडताना आधी ती काढून बाजूला ठेवते. पण कडेगावच्या आमच्या अंगणात तात्यांची जीप उभी होती, ते एक वर्ष मला असं हसून बाजूला ठेवता येत नाही. त्या वर्षाचं नाव काढलं की आजही मानेवर काटा येतो. इथं शिरवळला हायवेच्या कडेला ट्रकांचा एवढा गोंगाट असतो, तरी भर दुपारी कधी पाच मिनिटं रस्ता रिकामा पडला की मी हातातला पान्हा खाली ठेवते आणि कुणाशी तरी उगाच बोलायला जाते. पोरं म्हणतात, मावशींना एकटं बसवत नाही. खरंच बसवत नाही.

आमचं घर विट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. पुढं पत्र्याची पडवी, पडवीला लागून चूल, आणि तिच्यासमोर जीप उभी राहील एवढं अंगण. हंगाम सुरू झाला की दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जायच्या आणि त्यांच्या टेपवरची गाणी आमच्या पत्र्यात घुमायची. तात्या वडाप चालवायचे. वडाप म्हणजे आमच्याकडची भाड्याची जीप, एसटीच्या पुढं सुटणारी आणि दहाच्या जागी पंधरा माणसं घेणारी. कडेगाव ते कराड आणि कराड ते कडेगाव, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. संध्याकाळी जीप अंगणात लागली की तात्या पडवीच्या पायरीवर बसायचे आणि दोन्ही पाय पुढं सोडायचे. दिवसभर क्लच आणि ब्रेक दाबून त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. आई लोखंडी पळीत शेंगतेल घ्यायची, त्यात ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या टाकायची, पळी चुलीवर धरायची आणि लसूण लाल झाला की ते कोमट तेल त्यांच्या पायाला चोळत बसायची. नवरा-बायकोचं बोलणं काय व्हायचं ते तेवढ्या वेळातच. कुणाच्या लग्नाला किती आहेर करायचा, पोरीला सांगलीला शिकायला ठेवायची का नाही, सगळं त्या तेलाच्या वासात ठरलं. त्यानंतर भाकरी, घेवड्याची आमटी आणि खरडा. घोट घोट आमटी पीत तात्या मला दिवसभरातल्या शिटांची, म्हणजे प्रवाशांची, नक्कल करून दाखवायचे आणि आई तोंडाला पदर लावून हसायची. हसताना तिचा आवाज होत नसे, नुसते खांदे हलायचे.

मी विश्रामबागेत होस्टेलवर राहून बी.कॉम. करत होते. बापूकाकांचा फोन आला आणि मी एसटीनं घरी पोचले तोवर अंगणात माणसं दाटली होती. बापूकाका म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहणारे. तात्या सुर्लीच्या घाटात, स्टिअरिंगवरच गेले होते. काय झालं ते मला हमीदाचाचीनं सांगितलं. चाची आमच्या आळीतली, बांगड्यांचं गाठोडं घेऊन बाजार करायची, आणि त्या दिवशी ती तात्यांच्या शेजारच्या सीटवर बसली होती.

"आगं, उतार लागला आन तुजं तात्या बोलता बोलता गप झालं," ती म्हणाली. "गाडी डोंगराच्या कडंला घेतली. ब्रेक दाबला. आन मान पुढं आली. मला वाटलं झोप लागली. हात लावला तर कुटलं काय! गाडी शिटांनी भरल्याली, पलीकडं दरी. सगळी जिती ऱ्हायली बघ, एकाला खरचटलं न्हाई."

मग तिनं आवाज खाली घेतला. "पाय उचलंना त्येंचा. चौघांनी वढला तवा निघाला. बरं, पाय काढला तर काढला, गाडी तरी हलावी? उतारावर उभी, गिअर न्हाई, हातब्रेक न्हाई, आन सारी जनं मागनं ढकलत्यात. जाग्यावरनं हलली न्हाई."

ही गोष्ट तिनं मला सांगितली तशी गावाला सांगितली. शेवटी कारखान्याची क्रेन आणून जीप पुढून उचलून गावात आणली आणि रस्त्यापासून अंगणापर्यंत ट्रॅक्टरला बांधून ओढली. पुढची दोन्ही चाकं फिरलीच नाहीत. ती फरफटत आली आणि अंगणात दोन काळ्या ओल्या रेघा उमटल्या. आईनं त्या रेघांवर कधी सारवण केलं नाही, आजूबाजूचं सारवायची आणि तेवढ्या सोडायची. जिथं येऊन जीप थांबली तिथंच ती राहिली, तोंड पडवीकडं करून. काचेतून रिकामी सीट थेट आमच्या चुलीकडं बघायची.

दहावं-तेरावं झालं आणि माणसं यायला लागली. आधी त्या दिवशी जीपमध्ये बसलेली, मग त्यांच्या घरची, मग ज्यांचा काहीच संबंध नव्हता अशीही. बोनेटवर हळदी-कुंकू पडलं. नारळ फुटले. एक बाई आजारी पोर घेऊन आली आणि तिनं पोराचं डोकं ब्रेकच्या पेडलला टेकवलं. बोलता बोलता सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य बसलं: "तात्यांनी अजून पाय काढला न्हाई." बापूकाका साधा माणूस, पण मान मिळायला लागला की भल्याभल्यांचं डोकं फिरतं. ते म्हणाले, वर्षश्राद्धाला जीपभोवती चौथरा बांधू, वर पत्रा घालू, वहिनी दिवा-बत्ती बघतील. आणि आई? ती दिवसभर पडवीत बसून जीपकडं बघायची. तिचं खाणं कोरभर भाकरीवर आलं. झोप तर गेलीच होती.

"त्येंचा पाय दुखत आसंल गं सारिके," एकदा ती मला म्हणाली. "इतका येळ कुनी दाबून धरतं व्हय?"

बाप गेला होता तो गेला होता; पण माझी आई त्या जीपजवळ बसून हळूहळू तिकडंच चालली होती आणि गाव तिच्या पाया पडत होतं. चौथरा झाला असता तर ती आयुष्यभर त्या चौथऱ्याची झाली असती. कॉलेज गेलं खड्ड्यात, असं मी ठरवलं. जीपचं चाक फिरलं पाहिजे. चाक फिरलं की आईला वाटेल त्यांचा पाय सुटला, आणि मग ती जेवेल.

गावातल्या मिस्त्रीनं जीपला हात लावायला साफ नकार दिला. "पोरी, तुज्या तात्याची म्या लय कामं केली. पर आता त्या गाडीत म्या हात घालनार न्हाई." म्हणून मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. हिंदीत बोलणारा एक माणूस पांढरे हातमोजे घालून हसत हसत ब्रेक उघडायचा. त्याचा बोल्ट एका झटक्यात सुटायचा. माझ्या पहिल्याच बोल्टवर मी पान्हा उलट्या बाजूला रेटत राहिले, बोल्टाची कड खाल्ली आणि बोटांची सालटी काढून घेतली. तरी सुटला मेला शेवटी. चाकाच्या आत लोखंडाची ताटली असते, ती डिस्क. तिला चिमट्यात धरणारा जड ठोकळा म्हणजे कॅलिपर. त्याच्या पोटात वाटीसारखा पिस्टन असतो आणि पिस्टनभोवती रबराची एक कडी, तिला सील म्हणतात. पेडल दाबलं की तेल पिस्टनला पुढं ढकलतं आणि ताटली धरली जाते. पेडल सोडलं की ती रबराची कडीच पिस्टनला केसभर मागं ओढून घेते. सगळा खेळ त्या कडीचा. तात्यांच्या जीपची कडी जुनी होऊन लाकडासारखी कडक झाली होती आणि पिस्टन गंजून जागेवर बसला होता. घाटात त्यांनी जीव खाऊन ब्रेक दाबला, पिस्टन पुढं गेला आणि परत आलाच नाही. हे मी आज दोन वाक्यांत सांगते. तेव्हा मला ते कळायला कित्येक दिवस लागले आणि कळल्यावर मी अंगणात बसून रडले, कारण एवढं साधं होतं.

सायकलला हवा भरायचा पंप तेलाच्या भोकाला चिंध्या गुंडाळून लावला आणि मारत राहिले. बराच वेळ काही नाही, आणि मग फट्‌दिशी पिस्टन चिंध्यांत येऊन पडला. पॉलिश पेपरनं गंज काढला, सांगलीहून आणलेली सीलं ब्रेक ऑइलमध्ये बुडवून अंगठ्यांनी खाचेत बसवली. आई पायरीवर लसूण सोलत सगळं बघत होती. कितीतरी दिवसांनी तिनं आपणहून काही विचारलं.

"ती बाटली कसली गं?"

बोनेटखालची ब्रेक ऑइलची प्लॅस्टिकची बाटली. तिला बोलतं करायला मी मुद्दाम सोपं करून सांगितलं. "ह्यातलं तेल पायापासनं चाकापतूर जातं, आई. तात्यांनी पाय दाबला की हेच तेल जोर घेऊन चाकाला जायचं."

"म्हंजी त्येंच्या पायालाच लागल्यालं आसतं म्हन की," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि परत कामाला लागले.

शेवटी नळीतली हवा काढायची असते. त्याला दोन माणसं लागतात, एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी नट उघडायचा. पण पेडलवर पाय ठेवायला कुणी तयार होईना. खोटं कशाला बोलू, माझंही धाडस झालं नाही. आपला पाय चुकून थोरल्याला लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. मग बापाचा पाय जिथं होता तिथं आपला पाय कसा ठेवायचा? मी जीपच्या आत खाली आडवी होऊन पेडल हातानं दाबलं, फावड्याचा दांडा सीटला अडकवून ते तसंच धरून ठेवलं आणि खाली धावत जाऊन नट उघडला. असं कितीदा केलं देव जाणे. काम अर्धवटच झालं, पण चाकं सुटली. मी आणि बापूकाकांनी जीप हातभर पुढं ढकलली, हातभर मागं. आई पडवीच्या खांबाला धरून उभी होती. त्या दिवशी ती जेवली.

काही दिवस बरे गेले. उसाची तोड सुरू झाली, रस्त्यानं ट्रॉल्या वाहायला लागल्या. मी बॅटरी चार्ज करून आणली, इंजिन चालू होतंय का ते बघितलं. लायसन काढायचं मनात आलं. अशात एकदा दिवेलागणीच्या वेळी मी रस्त्यावरून घराकडं वळले आणि बघते तर जीपच्या मागची बापूकाकांची चुन्याची भिंत लाल झालेली. जीपचे मागचे दोन्ही लाल दिवे लागले होते. ब्रेक दाबल्यावर लागतात ते. जीपमध्ये कुणी नव्हतं. चावी घरात खुंटीला होती. मी दार उघडून आत वाकून बघितलं, तर पेडल खाली गेलेलं, अर्ध्याच्या पुढं, आणि तसंच थांबलेलं. हात घालून मी ते वर ओढलं. ते तसूभर आलं आणि अडलं. वरून कुणीतरी हलकासा भार दिलेला असावा, तसं. माझ्या हाताला तो भार लागला, अगदी स्पष्ट लागला. मी हात काढून घेतला आणि दार उघडंच टाकून पडवीत पळाले. आई चुलीपाशी बसली होती. लाल उजेडाकडं बघून ती म्हणाली, "आलं वाटतं." कसलीही भीती नाही, जणू तात्या कराडहून शेवटची खेप संपवून आले होते.

दुसऱ्या दिवशी गाव लोटलं. आता तर प्रत्यक्ष पुरावाच होता. दुपारपर्यंत बोनेटवर नारळांचा ढीग पडला, आणि संध्याकाळी बापूकाकांनी ट्रॅक्टरनं विटा आणून टाकल्या. "सारिका, तू शिकल्याली हाईस, पर ह्यात आता पडू नगो," ते म्हणाले. "त्येला जायचं न्हाई, तर ऱ्हाऊ दे की. कुनाचं काय घेतोय?" मी म्हटलं, "माझ्या आईला घेतायत, काका!" वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. मी सांगलीला जाऊन पुन्हा सीलं घेतली, या वेळी पेडलच्या मागच्या पंपाचाही संच घेतला. दुकानदार म्हणाला, "आत्ताच नेलीस की. येवड्यात कशी जातील?" मलाही तेच कळत नव्हतं. एसटीत त्या पुड्या मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात एकच: जर आत सगळं नीट असलं तर? सीलं नवी, पिस्टन साफ आणि तरी ब्रेक दाबलेला, असं असलं तर मी आईला काय सांगू? मग मीही विटा लावायला जाऊ का?

उन्हं डोक्यावर आली तेव्हा मी चाक खोललं. ट्रॉल्यांची रांग थांबली होती, कुत्रंही भुंकत नव्हतं, पत्रा तेवढा तापून मधूनच कट्‌ कट्‌ वाजायचा. कॅलिपर सोडवला, पिस्टन काढला आणि माझ्या नाकात वास गेला. लसणाचा. कोमट शेंगतेलात लाल झालेल्या लसणाचा. चाकातून तात्यांच्या पायांचा वास येत होता. मी तशीच मागं ढुंगणावर बसले. संध्याकाळी पायरीवर पाय सोडून बसलेल्या माणसाचा तो वास, लहानपणापासून ओळखीचा, आणि तो त्या काळ्या लोखंडातून येत होता. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही. सरळ उठून विश्रामबागेला निघून जावं, आई, जीप, गाव सगळं मागं टाकावं, असंही वाटलं.

पण हातात ती सीलाची कडी होती आणि ती विचित्र लागत होती. लिबलिबीत. नव्या कडीशेजारी धरली तर दुप्पट फुगलेली. मग मला भान आलं. मी बोनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलच्या बाटलीत बघितलं. आत दोन थर होते. खाली ब्रेक ऑइल, वर पिवळं शेंगतेल, आणि त्यावर लसणाचा एक करपलेला तुकडा तरंगत होता.

आई पडवीतच होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. माझा आवाज चढला असणार, कारण हमीदाचाची शेजारून बाहेर आली.

"आई, त्या बाटलीत तेल तू वततीस?"

"मग?" आई म्हणाली. "रोज सांजच्याला. येक पळी."

"आगं पण का?"

"का म्हंजी? वीस वर्सं त्येंच्या पायाला तेल लावलं म्या. आता पाय दिसंना झाला, तर कुटं लावू? तूच म्हनालीस न्हवं, ह्यातलं तेल पायाला जातं म्हून." बोलता बोलता तिला काहीतरी आठवलं आणि तिचा चेहरा मऊ झाला. "वतून झालं की आत हात घालून ते पायाचं हाय न्हवं, ते जरा चोळायची. खाली-वर, खाली-वर. त्येंना बरं वाटायचं. कळायचं मला."

ब्रेकच्या रबराला खायचं तेल चालत नाही, ते फुगतं, हे आज माझ्या गॅरेजमधल्या नवख्या पोरालाही मी पहिल्याच दिवशी सांगते. आई रोज तेल ओतत होती, पेडल खाली-वर करून स्वतःच ते आत पंप करत होती, आतली रबरं फुगत होती आणि फुगलेली रबरं पेडलला वर येऊ देत नव्हती. आणि पेडल खाली राहिलं की ब्रेकचे दिवे लागतात, त्यांना चावी लागत नाही. सगळं सरळ होतं. मला हसू यायला पाहिजे होतं. पण आईकडं बघून माझा राग गेला आणि हसूही आलं नाही. तिला ब्रेक ऑइलमधलं ग्लायकोल आणि रबर यातलं मी काय सांगणार होते? मी नुसती फुगलेली कडी तिच्या एका तळव्यावर ठेवली आणि नवी दुसऱ्यावर.

"ही नवी. आन ही तुज्या तेलातली. बघ कशी सुजलीया," मी म्हणाले. "आता सांग, पाय आसा सुजल्यावर कुनाला उचलता येतो का?"

आई त्या दोन कड्यांकडं खूप वेळ बघत राहिली. अंगठ्यानं फुगलेली कडी दाबून बघितली, माणसाच्या पायाची सूज दाबून बघतात तशी. "म्या सुजावला व्हय त्येंचा पाय?" ती म्हणाली. "आगं बया, म्या धरून ठेवलं त्येंला?" आणि ती रडली. तात्या गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, ऊर फुटेल अशी. हमीदाचाचीनं तिचं डोकं छातीशी धरलं. मीही रडले. बापूकाका अंगणात येऊन उभे राहिले, काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

दोन दिवस मी सगळं खोलून धुतलं. नळ्या, पंप, चारी चाकांकडची पाइपं. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं परत जोडलं. आता हवा काढायची होती, आणि या वेळी दांड्यानं भागणार नव्हतं. सगळी लाइन रिकामी होती, तिला माणसाचा पायच हवा होता. बापूकाकांना विचारलं. ते दोन पावलं मागं सरले. "थोरल्या भावाच्या पायावर पाय? मेलो तरी ठेवनार न्हाई." चाची म्हणाली, "मी त्येंच्या बाजूला बसल्याली बाई, मला सांगू नगंस." मग आई उठली.

तिनं चपला काढल्या. चुलीपाशी जाऊन पाय धुतले, पदरानं पुसले. जीपचं दार उघडून आधी ती वाकली, पेडलला दोन्ही हात लावले आणि कपाळाला लावले. मग पदर खोचून वर चढली आणि तात्यांच्या सीटवर बसली. वीस वर्षांत त्या सीटवर ती कधी बसली नव्हती. अवघडून, अर्धी टेकून बसली होती, शेजारी जागा ठेवावी तशी. मी चाकापाशी जमिनीवर झोपले, नळी बाटलीत सोडली, पान्हा लावला.

"दाब, आई."

"दाबला."

"धर."

"धरलाय."

मी नट उघडला. तेल बुडबुडे घेऊन नळीतून आलं. नट आवळला. "काढ पाय." मग परत. तेल येत होतं, बुडबुडे कमी होत होते, आणि माझ्या हळूहळू लक्षात आलं की जोर फार आहे. आईचं त्या वर्षी नुसतं हाडांचं पाखरू झालं होतं. एवढा दाब तिच्या पायात नव्हता. नट थोडा जरी सैल केला तरी नळी हातात थरथरून उडायची. मी ओरडले, "आई, हळू! येवडा जोर लावू नगो!"

वरून तिचा आवाज आला, अगदी साधा. "म्या कुटं लावतीया? म्या नुसता पाय टेकवलाय."

माझा हात थांबला. पत्र्याचा कट्‌ कट्‌ आवाज थांबला होता. मी जमिनीवर झोपलेली, मला फक्त जीपचं काळं पोट दिसत होतं आणि दाराखाली आईच्या लुगड्याचा काठ. मी आज सांगू शकत नाही की ते काय होतं. अनेक वर्षांनी मी स्वतःला म्हटलं की घाबरलेल्या माणसाच्या पायात जोर येतो, तो त्याला कळत नाही. तसं असेलही. तेव्हा मी एवढंच केलं की काम सोडलं नाही. शेवटचा बुडबुडा गेला, तेल स्वच्छ आलं, मी नट कचकचून आवळला.

"झालं, आई. काढ पाय."

पाय निघाला नाही. मी सरपटत बाहेर आले. आई डोळे मिटून बसली होती, पाय पेडलवर, आणि तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते ऐकू येत नव्हतं. बापूकाका पुढं यायला लागले तर चाचीनं त्यांचा दंड धरला. मी चाकाला हात लावला. ते घट्ट धरलेलं होतं, भिंतीसारखं. मी परत हाक मारली नाही, नुसती चाकाला हात लावून बसून राहिले, किती वेळ ते माहीत नाही. रस्त्यानं एक ट्रॉली गाणं वाजवत गेली आणि परत शांत झालं.

मग माझ्या हाताखाली चाक हललं. आवाज न करता, हलकं होऊन ते फिरलं. मी वर बघितलं तर पेडल सरळ उभं होतं आणि आई दोन्ही पाय उराशी घेऊन सीटवर बसली होती. तिचे गाल ओले होते, पण ती माझ्याकडं बघत होती. माझ्याकडं. वर्षभरात पहिल्यांदा तिची नजर जीपवर नव्हती.

"त्येंनी आदी काढला," ती म्हणाली. "मग म्या."